प्लास्टर निघाल्यानंतर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनी मी काही बोलावे असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, तीस वर्षे शाळेत बोलून बोलून माझा घसा बसला. आता मला ऐकू द्या." त्यावर त्या म्हणाल्या, "शाळेतले नकोच. तुमच्या हाताचे सांगा." तेव्हा आज मी माझ्या उजव्या मनगटाची हकीकत सांगणार आहे. विषय लहान दिसतो. पण या सभागृहात बसलेल्या आपणांपैकी किती जणींचे मनगट एकदा तरी मोडले आहे, ते हात वर करून सांगा पाहू. पाहिलेत? आणि त्यांतल्या दोघींनी तर डावा हात वर केला, कारण उजवा अजून पुरता वर जात नाही. माझे सांगणे त्या दोघींसाठी आहे, आणि ज्यांचा हात अजून शाबूत आहे त्यांच्यासाठीही.

गेल्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. आपल्या रत्नागिरीचा पाऊस मी काय वर्णावा! वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक कोसळतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर आठ दिवसांत हिरवे शेवाळ धरते. मागील दारी तुळशीपाशी दिवा ठेवून मी वळले, पाय सटकला आणि पडताना, माणूस करतो तेच मी केले: हात पुढे टेकला. सगळा भार तळहातावर आला. उठून पाहते तो मनगटाच्या वरच्या अंगाला उंचवटा आलेला आणि हात वेडावाकडा दिसू लागलेला.

या मोडीला डॉक्टर लोक "कोलीस फ्रॅक्चर" म्हणतात. अब्राहम कोलीस नावाच्या डब्लिनच्या शल्यवैद्याने १८१४ साली तिचे वर्णन लिहिले. त्या काळी एक्स-रे नव्हता. तो रोंटगेनने १८९५ साली शोधून काढला. म्हणजे कोलीसने हे सारे नुसत्या बोटांच्या स्पर्शाने ओळखले. कोपरापासून मनगटापर्यंत आपल्या हातात दोन हाडे असतात. त्यांतले अंगठ्याच्या बाजूचे हाड मनगटापाशी रुंद आणि आतून जरा पोकळसर असते. हातावर पडलेल्या भाराचा मोठा वाटा तेच सोसते, म्हणून मोडतेही तेच.

पडल्यावर शेजारच्या वहिनींनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी आधी माझ्या हातातल्या बांगड्या आणि बोटातली अंगठी काढून घेतली. मी कुरकुरले. त्या म्हणाल्या, "अहो, हात सुजला म्हणजे या कापाव्या लागतील." आणि खरेच, दवाखान्यात पोचेपर्यंत हात दुप्पट झाला होता. भगिनींनो, हे मी मुद्दाम सांगते. बांगडी उतरवणे अशुभ म्हणून पुष्कळ जणी हात आखडता घेतात. पण सुजलेल्या हातात रुतलेली बांगडी रक्त अडवते. बांगड्या पुन्हा भरता येतात, बोटे पुन्हा येत नाहीत.

डॉक्टरांनी हाड जागेवर बसवले, प्लास्टर घातले आणि सहा आठवड्यांनी या म्हणून सांगितले. आणखीही एक गोष्ट सांगितली होती, ती मी ऐकली नाही. ते म्हणाले होते, "बोटे हलवत राहा, कोपर आणि खांदाही हलवा, हात छातीपेक्षा उंच ठेवा." मला वाटले, मोडलेला हात आहे, हलवला तर हाड सरकेल. म्हणून मी सहा आठवडे तो गळ्यात झोळीत बाळगला, लहान मूल बाळगावे तसा. घरचेही म्हणत, "हलवू नकोस हो!" प्रेमापोटीच म्हणत. पण त्या प्रेमाने माझी बोटे ताठली आणि खांदाही धरला.

आता पुढचे ऐका. श्रावणअखेर प्लास्टर निघाले. आतून हात निघाला तो माझा म्हणून ओळखू येईना: कातडी सुकलेली, कोंडा सुटलेला, मनगट काडीसारखे आणि बोटे मात्र फुगलेली. मूठ मिटेना. तळहात उताणा होईना. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळले आहे. आता फिजिओथेरपिस्टकडे जा." मी मनात म्हटले, हाड जुळले ना, मग आता आणखी कशाला? आणि गणपती तर आठ दिवसांवर आलेले.

आपल्या घरी गणपती म्हणजे उकडीचे मोदक. ते मी पस्तीस वर्षे करीत आले. सुनेला म्हटले, "चतुर्थीपर्यंत हात सुटलाच पाहिजे." कोणीतरी एका मालीश करणाऱ्याचे नाव सांगितले, तो हात "मोकळा" करून देतो म्हणून. त्याने तेल लावून तासभर मनगट चोळले, आणि शेवटी हात धरून एक जोराचा हिसका दिला. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. रात्री हात लाल आणि गरम झाला, चतुर्थीला तो पालथा ठेवूनच मी आरतीला उभी होते. मोदक सुनेने आणि शेजारच्या मुलींनी केले. चांगले झाले होते; पण मी कोपऱ्यात बसून पाहत होते, आणि तीर्थ घेण्याची वेळ आली तेव्हा उजवा हात उताणा होईना म्हणून डावा पुढे करावा लागला. भटजी काही बोलले नाहीत. पण माझे डोळे भरून आले. आपला हात आपलाच उरला नाही असे मला त्या दिवशी प्रथम वाटले.

मग मात्र मी मुकाट्याने फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेले. तिथे जी मुलगी होती ती माझ्या नातीहून थोडी मोठी असेल. तिने हाताला हात लावण्यापूर्वी एक्स-रे मागून घेतला, डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि कोनमापक काढला. मी विज्ञानाची शिक्षिका, कोनमापक पाहून मला बरे वाटले. हात मागे वळत होता फक्त २० अंश. तिने ते वहीत लिहिले आणि म्हणाली, "बाई, हाड डॉक्टरांनी जोडले. पण हाड जोडले म्हणजे हात परत आला असे नाही. तो आता आपण दोघींनी मिळून आणायचा."

मी विचारले, "अगं, हाड जुळले तर हात अडतो कशाने?" ती म्हणाली, "पावसाळ्यात चार महिने न उघडलेल्या दाराची कडी गंजते ना, तसेच." मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत बसलेली असतात. त्यांच्याभोवती चिवट पडद्याची पिशवी आणि बंध असतात. सांधा सहा आठवडे हलला नाही, म्हणजे ती पिशवी आखडते, सुजेतले पाणी थिजते, स्नायू वाळतात, आणि बोटांच्या दोऱ्या आपापल्या नळीत सहज सरकेनाशा होतात. मोडले एक हाड. आखडते आजूबाजूचे सारेच.

तिने केले काय, ते आता नीट सांगते, कारण मालीश आणि हे, यांतला फरक आपणांस कळावा एवढ्यासाठीच मी उभी आहे. टेबलाच्या कडेला घडी केलेला टॉवेल ठेवून तिने माझा हात पालथा ठेवला, पंजा कडेबाहेर. एका हाताने तिने मनगटाच्या वरची दोन्ही हाडे घट्ट पण हळुवार धरून ठेवली. दुसऱ्या हाताने मनगटातल्या लहान हाडांची ओळ धरली. आधी ती किंचित ओढून सांध्यात जागा केली, आणि मग ती ओळ तळहाताच्या बाजूला सरकवली. किती म्हणाल? दोन-चार मिलिमीटर, त्याहून अधिक नाही. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, पाळणा हलवावा अशा संथ लयीत. चोळणे नाही, हिसका नाही, तेल नाही.

यामागे साधा हिशेब आहे. हात मागे वळतो तेव्हा ही हाडे नुसती फिरत नाहीत, फिरता फिरता तळहाताकडे थोडी घसरतातही. ती घसरण आखडलेली असते, म्हणून हात अडतो. जी हालचाल आपली आपल्याला करता येत नाही, तेवढीच ती आपल्या हातांनी करून देते. पुढे वळवायचा तर ओळ उलट्या अंगाला सरकवायची. तळहात उताणा करायचा तर मनगटापाशी दोन लांब हाडांची एकमेकींवरची घसरण मोकळी करायची. दाब किती द्यायचा त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियातल्या मेटलंड नावाच्या फिजिओथेरपिस्टने त्या बसवल्या. हात दुखरा असेल तर पहिल्या पायरीची अगदी हलकी हालचाल, आणि दुखणे कमी होऊन नुसता ताठरपणा उरला की पुढची. न्यूझीलंडच्या मलिगन यांची आणखी एक रीत आहे: उपचार करणाऱ्याने हाड सरकवून धरायचे आणि त्याच वेळी रोग्याने स्वतः हात वळवायचा.

शेवटी तिने मला म्हटले, "आता जे मिळाले ते लगेच वापरा." दहा वेळा मूठ मिटणे, दहा वेळा हात मागे, दहा वेळा उताणा-पालथा. घरी हे दिवसातून चार-पाच वेळा, तेही कोमट पाण्यात हात बुडवून झाल्यावर. आठवड्यातून दोनदा मी तिच्याकडे जाई, अशा दहा खेपा झाल्या. बाकीचे काम माझे मी घरी केले.

तुम्ही विचाराल, या हाताच्या उपचाराने खरेच गुण येतो की मनाचे समाधान? मीही तिला विचारले. तिने फुशारकी मारली नाही, म्हणून मला ती आवडली. २०१५ साली तज्ज्ञांनी मनगटाच्या मोडीनंतरच्या उपचारांच्या २६ चाचण्या एकत्र तपासल्या. कोणता उपचार सर्वांत चांगला, हे ठरवण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. साध्या मोडीत नीट समजावून सांगितलेला घरचा व्यायामही पुष्कळ काम करतो. पुढे २०२० साली ६७ जणांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात व्यायामाला आणि सल्ल्याला या मलिगन रीतीची जोड ज्यांना मिळाली, त्यांचा हात नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा लवकर वळू लागला. तेव्हा जाणकाराचा हात दार किलकिले करतो, पण दारातून आत आपल्यालाच चालत जायचे असते. नुसते तिच्याकडे जाऊन घरी स्वस्थ बसले तर काही उपयोग नाही.

आता एक मौजेची गोष्ट. हा विषय डोक्यात घोळत असताना मी सुश्रुतसंहितेचे मराठी भाषांतर चाळले. अस्थिभंगावर त्यात स्वतंत्र अध्याय आहे. मोह, उंबर, पिंपळ, पळस यांच्या साली आणि बांबूच्या पट्ट्या बांधायला सांगितल्या आहेत, ते त्या काळचे प्लास्टर म्हणा. पण मला नवल वाटले ते पुढचे वाचून. तळहाताची मोड बरी होत आली म्हणजे रोग्याने आधी हातात मातीचा गोळा धरावा, मग मिठाचा खडा, आणि हातात बळ आले की दगड. पाहा, हाताला काम द्यायचे ते पायरीपायरीने, हे आपल्याकडे किती पूर्वी कोणीतरी ओळखले होते! फिजिओथेरपीच्या मुलीला मी हे सांगितले, तर तिने हसून टेबलाच्या खणातून मऊ, मध्यम आणि कडक असे तीन रंगांचे गोळे काढून दाखवले.

आणि या विद्येत आम्हा बायकांचा वाटा मोठा, हेही आज सांगायलाच हवे. १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी एकत्र येऊन अंग रगडण्याच्या विद्येला शिस्त आणि प्रतिष्ठा मिळावी म्हणून एक संस्था काढली. तिथल्या फिजिओथेरपिस्टांची आजची मोठी संस्था ती हीच. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या लुका-शांपियोनियर या शल्यवैद्याने मोडलेल्या हाडांवर हालचालीचा उपचार सांगणारे पुस्तक लिहिले. मोडलेला अवयव पुष्कळ काळ निश्चल ठेवावा असे मानणाऱ्यांना ते मानवले नाही. आपल्याकडे १९५०नंतरच्या दशकात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, आणि १९५५ साली हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. आज आपल्या गावात आपल्याच मुली हे शिकून बसल्या आहेत, आणि आपण मात्र हिसका देणाऱ्याकडे जातो, मीच गेले, म्हणून बोलण्याचा मला अधिकार आहे.

काही गोष्टी गाठीला बांधून ठेवा.

प्लास्टर असताना बोटे निळी पडली, बधिर झाली, दुखणे असह्य झाले तर उद्याची वाट पाहू नका, त्याच पावली दवाखान्यात जा. खाज येते म्हणून प्लास्टरमध्ये विणायची सुई घालू नका. बोटे पुरती मिटा, पुरती उघडा, दर तासाला. खांदा डोक्यावर नेऊन आणा.

प्लास्टर निघाल्यावर थोडी सूज, थोडे दुखणे, ताठरपणा हे सर्वांनाच होते, भिऊ नका. व्यायामानंतर दुखले आणि तासाभरात शमले तर ठीक. पण दुखणे मोडीच्या मानाने फारच अधिक असेल, हाताचा रंग बदलत असेल, कातडी चकाकत असेल, घाम सुटत असेल, नुसता पदर लागला तरी आग होत असेल, तर ते वेगळे दुखणे असू शकते; त्याला लवकर उपचार लागतो. अंगठा एकाएकी वर उचलेनासा झाला, किंवा बोटांना मुंग्या येऊन रात्री झोपमोड होऊ लागली, तरी डॉक्टरांना दाखवा. आणि डॉक्टरांनी हाड जुळल्याचे सांगितल्याशिवाय कोणाच्याही हाती मनगट देऊ नका.

व्यायामाला वेगळी साधने नकोत. देवापुढे नमस्काराला हात जोडा, आणि जोडलेले तळवे न सोडता कोपरे हळूहळू वर न्या. हात मागे वळवण्याचा हाच व्यायाम. लाटणे मुठीत उभे धरून हात उताणा-पालथा करा. कणकेचा मऊ गोळा दाबा. तो आपला मातीचा गोळा. मग ओला रुमाल पिळा. भरलेली कळशी, पाटा-वरवंटा, नारळ खवणे हे आपले दगड; त्यांना डॉक्टरांच्या परवानगीने, बहुधा तीनेक महिन्यांनंतर हात घाला. आणि निराश होऊ नका. अभ्यासकांनी मोजून पाहिले आहे की मनगट पुढे ४० आणि मागे ४० अंश वळले, तर घरातली बहुतेक कामे होतात. माझे आता मागे ५० वळते. पूर्वीइतके नाही, पण पुरेसे आहे. सुधारणा वर्षभर होत राहते.

आणखी एक. उभ्या उभ्या पडून ज्या बाईचे मनगट मोडते, तिची हाडे पोकळ झाली असण्याचा संभव असतो. पाळी गेल्यानंतर हा धोका वाढतो. मनगट ही पहिली सूचना समजा. दुसरी खुब्याची असू शकते, आणि ती माणसाला अंथरुणाला खिळवते. म्हणून हाडांची तपासणी करण्याविषयी डॉक्टरांना विचारा. नाचणीची भाकरी, तीळ, दूध-ताक, आणि खाणाऱ्यांनी काट्यासकट चावता येणारी बारीक मासळी ताटात असू द्या. सकाळचे ऊन अंगावर घ्या. पायऱ्यांवरचे शेवाळ मिरगापूर्वी खरवडून काढा, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्या, झिजलेल्या चपला टाकून द्या.

शेवटी मंडळाला एक विनंती. मी बरी झाले ती केवळ उपचाराने नव्हे. माझ्या सुनेने सहा आठवडे मला पोळपाटाला हात लावू दिला नाही, आणि दहाही खेपांना मला घेऊन गेली. ज्यांच्या घरी असे कोणी नाही, त्या बायका प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी धुणे धुवू लागतात आणि व्यायामाला त्यांना वेळ मिळत नाही. "कामातच व्यायाम होतो" असे म्हणून त्या गप्प बसतात, आणि तो हात जन्माचा अधू राहतो. मघाशी डावा हात वर केलेल्या दोघींना मी ओळखते. त्या आळशी नाहीत, त्यांना कोणी सोडवले नाही. तेव्हा यापुढे आपल्यापैकी कोणाचे मनगट मोडले, तर मंडळाने तिच्या घरी पाळी लावावी: एकीने स्वयंपाक पाहावा, एकीने तिला दवाखान्यात न्यावे. हळदीकुंकवाला आपण चाळीस जणी जमतो. याला चार पुरतील. आणि त्या दोघींनी असे समजू नये की आता उशीर झाला. उद्याच एकदा दाखवा, मी बरोबर येते.

माघी गणेशजयंतीला मी पुन्हा उकड काढली. एकवीस मोदक केले. कळ्या पूर्वीसारख्या नाजूक नाहीत पडल्या. दोन-तीन मोदक फुटलेही. पण तीर्थ मी उजव्या हाताने घेतले.